दसऱ्याचं कुलूप

अख्ख्या बंगळुरात स्वतःच्या जमिनीवर इतका जीव टाकणारा आणि तीच जमीन लोकांकडून इतकी तुडवून घेणारा माणूस दुसरा नसेल. असला तर मला दाखवा. मी त्याच्या पाया पडेन आणि मग त्याच्याशीही भांडेन, कारण माझा स्वभावच तसा आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणतात. नात्यानं म्हणाल तर आमच्या हिचे ते मानलेले भाऊ, म्हणजे माझे मेहुणे. सख्ख्या मेहुण्याशी लग्नातच भांडून मोकळं होता येतं. हा मेहुणा मला चाळिशी उलटल्यावर, घर बांधून झाल्यावर, न मागता मिळाला. मी निपाणीकडचा, सातवी नापास, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात तीस वर्षं लेथवर लोखंड कातलेला माणूस. अण्णा धारवाडकडचे, दिवाणी कोर्टात कारकून होते. घरात कानडी, आमच्याशी मराठी, आणि रागावले की इंग्रजी. त्यामुळे माझ्याशी ते बरंचसं इंग्रजीच बोलले आणि मला त्यातलं काही लागलं नाही, हे दोघांच्याही पथ्यावर पडलं. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं हिनं एकदा विचारलं तर म्हणाले, "तंगी, जन्मभर वाटपाचे दावे बघितले. वारस म्हटलं की मला घाम फुटतो." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मला ते मिस्त्री म्हणतात.

आता जागेचं सांगितल्याशिवाय अण्णा कळणार नाहीत. आमची गल्ली बंद गल्ली. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला कुठल्याशा गोदामाची भिंत. बस, बाजार, डॉक्टर, सगळं पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर. सरकारी वाटेनं जायचं तर नाल्याच्या पुलावरून मैलभर वळसा. पण अण्णांची जागा गल्लीपासून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत पोचते, आणि त्यांच्या घराच्या बाजूनं, नारळाच्या झाडांखालून, आठ फूट रुंदीची पट्टी मोकळी आहे. इकडे एक फाटक, तिकडे एक फाटक. मधे चाळीस पावलं. गल्लीतली सगळी माणसं वीस-बावीस वर्षं या चाळीस पावलांवर जगली. पोरं शाळेत गेली, बायका भाजीला गेल्या, नवऱ्या सासरी गेल्या. अण्णांनी कुणाला अडवलं नाही. अट एकच. प्रत्येकानं, प्रत्येक वेळी, फाटकाशी थांबून विचारायचं, "अण्णा, जाऊ का?" आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीतून उत्तर यायचं, "सरी, जा." सरी म्हणजे कानडीत बरं.

हे खूळ नव्हतं, कायदा होता. निदान अण्णा तसं म्हणत. "विचारून जातो तो पाहुणा. न विचारता वीस वर्षं जातो तो वाटेचा धनी. मला पाहुणे चालतात, धनी चालत नाहीत." आणि या कायद्यासाठी त्यांनी जे हाल सोसले ते कुठल्या देवासाठी सोसले असते तर देव घरी पाणी भरायला आला असता. रिटायर झाल्यापासून तर सकाळी सहाला खुर्चीत. आंघोळीला गेले की न्हाणीघराची खिडकी उघडी, बाहेरून "अण्णा, जाऊ का?" आणि आतून साबणाच्या फेसातून "जा!" पूजेत बोलायचं नसे तर घंटी वाजवत, एक घंटी म्हणजे जा. शाळेच्या पोरींनी एका सुरात विचारलं तर म्हणत, "भजन नको. एकेकटी विचारा." एकदा गवळी आपल्यापुरतं विचारून म्हैस घेऊन निघाला तर त्याला परत बोलावलं. "तिचं काय?" गवळी म्हणाला, "अण्णा, म्हैस कशी विचारणार?" "तू विचार तिच्या वतीनं. वकील अशिलाच्या वतीनं बोलत नाही काय?" गवळ्यानं विचारलं. अण्णांनी म्हशीकडे नीट बघून परवानगी दिली. हिवतापानं फणफणले होते तेव्हाही खाट व्हरांड्यात ओढून घेतली होती, आणि दात वाजवत वाजवत "ज-ज-जा" म्हणत होते.

पण वाट कशी ठेवली होती, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मला पाप लागेल. रोज झाडलेली. पावसाळ्यात विटा टाकलेल्या. कुणाच्या टाळक्यात पडू नयेत म्हणून नारळ पिकायच्या आधीच उतरवून घेत, नुकसान सोसून. संध्याकाळी दोन्ही टोकांना दिवे, स्वतःच्या बिलावर. मी एकदा टोमणा मारला, "अण्णा, एवढं लोकांसाठी करता तर देऊन का टाकत नाही वाट सरकारला?" तर म्हणाले, "माझी आहे म्हणून दिवा आहे. सरकारची झाली की खांब येईल, दिवा येणार नाही."

आणि दसरा. वर्षातून एक दिवस, दसऱ्याला, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अण्णा दोन्ही फाटकांना कुलूप लावत. कुलपाला हळदकुंकू, झेंडूची माळ. सगळं जग सीमोल्लंघनाला बाहेर पडतं त्या दिवशी आमचे मेहुणे सीमा बंद करून आत बसत. वर्षातून एकदा बंद केलं की ती वाट मालकाची राहते, हा त्यांचा हिशेब. दसराच का, तर त्या दिवशी कारखाने, शाळा, कचेऱ्या बंद. कुणाची बस चुकत नाही. हक्क राखायचा तोही लोकांची सोय बघून, असला प्रकार.

आता माझ्याकडे येतो, म्हणजे कमीपणाकडे. मी घर बांधलं तेव्हा तीस बाय चाळीसच्या जागेतला एक इंच सोडला नाही. कायद्यानं चारी बाजूंनी मोकळी सोडायची जागा मी भिंतीत घातली. पायऱ्यांना जागा उरली नाही म्हणून त्या गल्लीत सोडल्या. माझ्या भिंतीला कुणी सायकल टेकवली तर मी हवा सोडत असे. एक दिवस अण्णा फीत घेऊन आले, वाकून मापं घेतली आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या पायऱ्या सव्वादोन फूट सरकारात शिरल्यात."

"सरकार आलं होतं काय तुमच्याकडं रडत?"

"सरकारला पाय नसतात. शेजारच्या अज्जीला आहेत. ती अडखळते."

मी म्हटलं, "तिला सांगा उजेडात चालायला." असा मी. आणि हाच मी अण्णांच्या फाटकाशी आलो की गल्लीचा पुढारी. रस्त्यानं चालायला मी कुणाच्या बापाला विचारणार नाही! म्हणून मी अकरा वर्षं, कारखाना सुटेपर्यंत, नाल्याच्या पुलावरून वळसा घालून बसला गेलो. जाताना मैल, येताना मैल. एवढ्या चालीत काशी पाच-सहा वेळा झाली असती, पुण्य तरी पदरात पडलं असतं. ही मात्र रोज दहा वेळा "अण्णा, जाऊ का?" करून भाजी, दळण, देऊळ उरकून यायची. म्हणायची, "अहो, दोन शब्द बोलायला तुमचं काय जातं?"

"स्वाभिमान जातो."

"मग चपला झिजवा. स्वाभिमानाला तळवे नसतात, बरं आहे."

रिटायर झालो आणि रिकामपण अंगावर आलं. गल्लीच्या रहिवासी संघाचा अध्यक्ष झालो; दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. अध्यक्षानं वळसा घालणं बरं दिसेना, म्हणून एक दिवस सरळ फाटक उघडून ताठ मानेनं चालू लागलो. चाळीसातली अडतीस पावलं झाली होती. मागून आवाज आला, "मिस्त्री, परत फिरा. विचारून या." शाळेच्या पोरी बघत होत्या, गवळी बघत होता, त्याची म्हैससुद्धा बघत होती. मी परत फिरलो, पण विचारायला नाही. थेट घरी गेलो आणि अर्ज करायला बसलो.

अर्ज महापालिकेला, असा की ही वाट वीस वर्षांवर लोकांच्या वापरात आहे, कधीही बंद नव्हती, सबब ती सार्वजनिक जाहीर करावी. कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडून कानडीत उतरवून घेतला. दारोदार फिरून सह्या घेतल्या. लोकांनी माझ्या तोंडाला घाबरून सह्या केल्या आणि माझ्या देखत जाऊन अण्णांना "जाऊ का?" विचारून बाजाराला गेले. हिनं सही केली नाही. म्हणाली, "कधीही बंद नव्हती असं लिहिलंय. दसऱ्याला काय असतं मग? मी खोटं लिहीत नाही. आणि भावाविरुद्ध तर खरंसुद्धा लिहीत नाही."

अर्जाची बातमी लपणार कशी? दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः दारात. मी भांडायला बाह्या सरसावून उभा. त्यांनी अर्जाची नक्कल मागितली, चष्मा लावून वाचली, आणि कपाळाला हात लावला. "हे काय लिहिलंय? कलम चुकलंय. पट्टीची लांबी नाही, चतुःसीमा नाही. पहिल्याच दिवशी फेकून देतील." खिशातून पेन काढून त्यांनी माझा अर्ज दुरुस्त केला. स्वतःविरुद्धचा! "माझ्याविरुद्ध द्यायचा तर नीट तरी द्या. चाळीस वर्षं कोर्टात काढली मी, असला कागद माझ्या नावावर नको." मग जाताना थांबून म्हणाले, "एक अडचण आहे. दसऱ्याच्या कुलपाचे माझे साक्षीदार म्हणजे तुम्हीच सगळे, आणि तुम्ही तर सह्या केल्यात. तंगीनं केली नाही, पण बहिणीची साक्ष कोण धरतो? आता यंदाचं कुलूप तेवढं माझ्या हातात उरलं. ते दिवसभर लागलेलं राहिलं आणि कुणी भरवशाच्या माणसानं तसं सांगितलं, तर वाट माझी. नाहीतर गेली. तर मिस्त्री, साक्षीला तुम्हीच बसा."

"मी? तुमच्या बाजूनं?"

"तुमच्याइतका खडूस साक्षीदार मला सगळ्या बंगळुरात मिळायचा नाही. तुम्ही कुलूप लागलं होतं म्हणालात की कचेरीतल्या साहेबाच्या बापालाही पटेल."

मला राग यावा की गुदगुल्या व्हाव्यात, कळेना. मी कबूल झालो, मनात एकच धरून की दिवसभरात एकदा जरी त्यांनी कुणासाठी कुलूप काढलं, तर तेही मी लिहीन. दसऱ्याला सकाळी वही-पेन्सिल घेऊन मी माझ्या त्या बेकायदेशीर पायऱ्यांवर बसलो. समोर वीस हातांवर फाटक, झेंडूची माळ घातलेलं कुलूप, आणि गजांपलीकडे खुर्चीत अण्णा. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो होतो. लोक नाल्याकडून वळसा घालत होते. दहा वाजता मी लिहिलं, "कुलूप आहे." अकराला लिहिलं, "आहे." जेवायलासुद्धा उठलो नाही, हिनं पायऱ्यांवरच पुरणपोळी आणून दिली, आणि गजांतून अण्णांनाही दिली. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवून पुरणपोळी खाल्ली.

तीनच्या सुमाराला आतून हिनं हाक मारली. मी म्हटलं, "काय गं?" परत हाक आली, जरा बारीक. मी म्हटलं, "थांब जरा, कुलूप सोडून उठता येत नाही." हे माझे शब्द. खोटं लिहीत नाही. आयुष्यात मी पुष्कळांना पुष्कळ वाईट बोललो, त्यातलं एक वाक्य परत घ्यायची सोय असती तर हेच घेतलं असतं. तिसरी हाक आली नाही, तेव्हा उठलो.

ती स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती, छातीला हात लावून, घामानं चिंब, तोंड राखेसारखं. मी तिला उचललं. ती काही हलकी नव्हती आणि मी काही तरुण नव्हतो. गल्लीत रिक्षा नाही, गाडी नाही. नाल्यावरून जायचं तर मैल. मी तिला घेऊन फाटकाशी आलो. अण्णा खुर्चीतून उठलेच होते. आणि माझ्या तोंडातून, कसं आलं देव जाणे, आलं, "अण्णा, जाऊ का?"

अकरा वर्षं आणि वर काही. कुलपाला लाथ घालायची, शिव्या घालायच्या, ते माझ्या अंगात होतं. पण ती हातात होती आणि मला दुसरं काही सुचलंच नाही.

अण्णा ओरडले, "विचारता काय, मिस्त्री! आज विचारायचं नाही!" किल्ली देवापुढे, झेंडूच्या ढिगात कुठेतरी. शोधायला ते आत गेलेच नाहीत. नारळ सोलायची पहार उचलली आणि कडीवर घातली. सत्तरीचा ब्राह्मण, उघडा, पंचा नेसलेला. दोन घावांत कडी उडाली. कुलूप माळेसकट मातीत पडलं. मग पुढे पळत जाऊन पलीकडच्या फाटकाची कडीही तोडली. मोठ्या रस्त्यावर केळीचे खुंट बांधलेली, फुलांनी मढवलेली रिक्षा थांबवली, आम्हाला आत कोंबलं आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या ढुंगणावर बसले, तसेच उघडे. दोन्ही फाटकं सताड उघडी टाकून. मी तेवढ्यातही म्हटलं, "अण्णा, वाट!" ते मागे न बघता म्हणाले, "मरू दे ती वाट."

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं आटोपल्यावर मला बाहेर येऊन सांगितलं, वेळेवर आणलंत, आणि कौतुकानं विचारलं, सणाच्या गर्दीत एवढ्या लवकर कसे पोचलात. मी म्हटलं, "कुलूप तोडून." त्यांना वाटलं धक्क्यानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यांनी नर्सला माझंही ब्लडप्रेशर बघायला सांगितलं.

ती घरी आल्यावर तीन-चार दिवसांनी मी कुणाला न सांगता अर्ज मागे घ्यायला कचेरीत गेलो. बाकड्यावर अण्णा बसलेले. इस्त्रीचा कोट, हातात कागद. मी म्हटलं, "तुम्ही इथं?" ते म्हणाले, "कुलूप लागलेलं राहिलं नाही, हे सांगायला नको काय? वाट लोकांची, असं लिहून आणलंय." मी म्हटलं, "काही गरज नाही. मी विचारून गेलो. विचारून जातो तो पाहुणा." "कुलूप मोडलं, मिस्त्री!" "तुम्हीच मोडलं! मालकानं मोडलं तर ते मोडणं नव्हे!" आवाज वाढले. साहेबानं दोघांना आत बोलावलं, दोघांचे कागद वाचले, आणि डोळे चोळून परत वाचले. म्हणाला, "तक्रारदार म्हणतो वाट यांची. मालक म्हणतो वाट त्यांची. मग भांडण काय आहे?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, "तेच!" साहेबानं फाइलला दोरी बांधली आणि सांगितलं, आधी बाहेर जाऊन एक काय ते ठरवा, मग या. आम्ही अजून ठरवलेलं नाही. फाइल तिथंच असेल. परतताना एका बसनं आलो, शेजारी बसून.

मोडलेल्या कड्यांच्या जागी नव्या मी करून दिल्या. कारखान्यात जुन्या ओळखीवर लेथ मागून घेतला, चांगलं जाड पोलाद कातलं. ही म्हणाली, "अहो, पुन्हा तोडायची वेळ आली तर?" म्हटलं, "तर दोघं मिळून तोडू." पायऱ्याही मी सव्वादोन फूट मागे घेतल्या. पुढची खोली त्यामुळे अशी झाली की खुर्ची ठेवली तर माणूस मावत नाही, पण शेजारची अज्जी आता अडखळत नाही. भिंतीला सायकल दिसली की अजून हात शिवशिवतात.

ही त्यानंतर अडीच वर्षं होती. तेवढी वर्षं त्या चाळीस पावलांनी मला दिली, असं मी धरतो. अण्णा धरत नाहीत. म्हणतात, पावलांनी काही दिलं नाही, तंगीचीच दोरी तेवढी होती. ती गेली तेव्हा त्याच वाटेनं नेली. त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. अण्णा खांदा द्यायला आमच्यात होते.

आता मला मोठ्या रस्त्यावर काही काम नसतं. भाजी एकट्यापुरती, ती दोन दिवसांतून एकदा. तरी मी रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन विचारतो. घरात आता कुठं निघालात म्हणून कुणी विचारत नाही. इथं निदान जा म्हणणारं कुणी आहे. अण्णांना हल्ली दिसत नाही फारसं. आवाजावर ओळखतात. नव्या गाळ्यांतली कॉम्प्युटरवाली पुण्याची पोरं घाईत "हाय अंकल" म्हणून निघून जातात, आणि अण्णा त्यालाच प्रश्न समजून जा म्हणतात. मी त्या पोरांना अडवणार होतो एकदा. मग नाही अडवलं.

परवा मी विचारलं तेव्हा अण्णांची मान छातीवर कलली होती. मला वाटलं डोळा लागला असेल. मग म्हणाले, "मिस्त्री ना? रोज जाता, रोज हात हलवत परत येता. कुठं जाता ते?" मी फाटकाची कडी उगाच वरखाली केली. ते म्हणाले, "बसा स्वल्प, जरा वेळ."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या व्हरांड्यात बसलो नव्हतो. पायरीवर बसलो. त्यांच्या स्वैपाकवाल्या अक्कानं दोन पेले कॉफी आणून ठेवली. कॉफीत साखर कमी होती, आणि ती निवलेलीही होती. मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं आणि तशीच प्यायलो. दुसऱ्याच्या घरी चहा-कॉफीला नावं ठेवू नयेत, हे ती मला चाळीस वर्षं सांगत होती.